जॅकेट क्र. ७ : कासव, मॅट्रिक्स आणि ते तीन खड्डे (प्रकल्प नोंदी)

११ जानेवारी, फील्ड

उताराच्या पायथ्याशी कवचाचे तुकडे काल दिसले होते, आज त्यांचा माग काढत वर चढलो. सुटून घरंगळत खाली आलेल्या अशा तुकड्यांना फ्लोट म्हणतात, त्यांच्यावरून नेमका थर कळत नाही पण ते कुठल्या बाजूने आले ते मात्र कळतं. खालचे तुकडे झिजून गोलसर झालेले, वर जावं तसतशा कडा धारदार, आणि एका ठरावीक रेषेच्या वर एकही तुकडा नाही. म्हणजे ते त्या रेषेतूनच निघतायत. तिथे ब्रशने भुसभुशीत माती बाजूला सारली तर कवचाची कड दिसली, थरातच, जागच्या जागी. तांबूस मडस्टोन (चिखलाचा झालेला दगड) आहे, मधे मधे चुनखडीच्या गाठी. क्रेटेशस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातलं नदीकाठचं मैदान असणार असं या थरांवरून आधीपासून वाटतंच होतं.

टीममधल्या नवीन मुलांना हाड आणि दगड वेगळे ओळखता येत नव्हते म्हणून थोडा वेळ त्यातच गेला. भिंगाखाली तुटलेली बाजू बघायची, हाडात आतमधे बारीक जाळी दिसते, बाहेरून घट्ट थर असतो. जीभ लावून बघायची जुनी पद्धतही आहे, जाळीतली छिद्रं ओलावा शोषून घेतात म्हणून हाड जिभेला चिकटतं, पण चिकणमातीसुद्धा चिकटते त्यामुळे नुसत्या त्यावर विसंबू नये. कासवाच्या कवचाचं अजून एक आहे, त्याच्यावर दोन प्रकारच्या रेषा असतात. एक हाडांच्या पट्ट्या जिथे जुळतात त्या नागमोडी शिवणी, आणि दुसऱ्या वरच्या खवल्यांच्या कडांनी हाडावर उमटलेल्या खाचा. या दोन्ही एकमेकींवर बसत नाहीत, आणि तेच डोळ्यात भरलं की बोटाएवढा तुकडासुद्धा लगेच कासव म्हणून ओळखता येतो.

१२ जानेवारी, फील्ड

आज खणलं नाही, दिवसभर नोंदीच केल्या.

फोटो (स्केल आणि उत्तरेचा बाण ठेवून), थराचा कल आणि दिशा, आणि खालून वर थर मोजत आणलेला सेक्शन. जीपीएस आडव्या दिशेत बऱ्यापैकी बरोबर असतं पण उंचीत काही मीटर इकडे तिकडे जातं, आणि या थरांमधे काही मीटर म्हणजे हजारो वर्षांचा फरक पडू शकतो. म्हणून खालच्या जाड वाळूच्या दगडाच्या माथ्यापासून टेप लावून उंची मोजली आणि तीच वहीत पहिली लिहिली.

मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, खणायला कधी सुरुवात करायची असं दोनदा विचारून झालं. त्यांना स्ट्रोमरची गोष्ट सांगितली. जर्मन जीवाश्मशास्त्रज्ञ अर्न्स्ट स्ट्रोमरने १९१५ मधे स्पायनोसॉरस या डायनोसॉरचं वर्णन छापलं, त्याची इजिप्तमधून आलेली हाडं म्युनिकच्या म्युझियममधे होती आणि एप्रिल १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ती नष्ट झाली. त्यानंतर कित्येक दशकं त्या मूळ नमुन्याबद्दल जगाकडे जे होतं ते म्हणजे त्याचं लिखाण, त्याची बारकाईने काढलेली चित्रं आणि थोडे फोटो. लोकांनी तेवढ्यावर काम केलं आणि ते काम टिकलं, कारण त्याने मापं नीट लिहून ठेवली होती. हाडं जाऊ शकतात, विकली जाऊ शकतात, चुरा होऊ शकतात. वही नीट असेल तर सगळं जात नाही, आणि वहीच नसेल तर कपाटात सुखरूप असलेलं हाडसुद्धा निम्मं हरवलेलंच असतं. हे मी दर सीझनला सांगते आणि दर सीझनला तितक्याच कळकळीने सांगते.

१४ जानेवारी, फील्ड

जॅकेट.

जीवाश्म सुरक्षित नेण्यासाठी त्याच्याभोवती प्लास्टरचं वेष्टन करतात ते हे. आधी कवचाच्या चारी बाजूंनी पुरेशी जागा सोडून चर खणला. हाडाच्या अगदी जवळ जाऊन ते 'मोकळं' करायचा मोह फार होतो, तो आवरायचा, कारण फील्डवर आपल्याकडे मायक्रोस्कोप नसतो, उजेड धड नसतो आणि वारा असतो. जेवढं उघडं पडलं होतं तेवढ्यावर पॅरालॉइड बी-७२ चं पातळ द्रावण ड्रॉपरने सोडलं. हे एक अ‍ॅक्रिलिक रेझिन आहे, अ‍ॅसिटोनमधे विरघळतं, पातळ केलं की हाडाच्या छिद्रांत जाऊन ते घट्ट करतं, जाड केलं की गोंद म्हणून चालतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उद्या कोणाला काढायचं झालं तर अ‍ॅसिटोन लावून काढता येतं. सुपरग्लूने काम पटकन होतं पण तो परत काढताना जीव जातो, कधी कधी हाडही जातं. जुन्या संग्रहांतले शेलॅक (लाखेचं वॉर्निश) लावलेले नमुने बघितलेत, काळपट तपकिरी पडलेले, पृष्ठभागावरचं काही दिसत नाही. शंभर वर्षांनी कोणीतरी आपलं काम उलगडायला बसणार आहे हे धरूनच गोंद निवडायचा.

मग चर अजून खोल करून खालून आत आत कोरत गेलो, ब्लॉक अळंबीच्या आकाराचा होईपर्यंत. वर ओला टिश्यू पेपर, चांगले तीन चार थर, म्हणजे प्लास्टर हाडाला चिकटत नाही. त्यावर गोणपाटाच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसमधे बुडवून एकमेकींवर चढवत, आडव्या उभ्या, कडेला दाबून खालच्या कोरलेल्या भागात वळवून. प्लास्टर घट्ट व्हायला लागलं की हाताला गरम लागतं. वर दोन लाकडी फळ्या बांधल्या.

सुकल्यावर त्यावर क्रमांक, तारीख, लोकॅलिटीचा कोड, उत्तरेचा बाण आणि 'वर' असं मार्करने लिहिलं, दोन ठिकाणी, कारण एका ठिकाणचं घासून जातं.

१५ जानेवारी, फील्ड

ब्लॉक उलटला. सगळ्यात भीतीचा क्षण हाच, बुंधा तुटतो त्या वेळी आतला दगड खालून निसटू शकतो. निसटला नाही. खालची बाजूही प्लास्टरने बंद केली.

खणताना निघालेला मॅट्रिक्स, म्हणजे जीवाश्माभोवतीचा दगड, फेकला नाही. कवचाला लागून असलेला वेगळ्या पिशव्यांत आणि लांबचा वेगळ्या पिशव्यांत भरला, प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर.

३ फेब्रुवारी, लॅब

जॅकेट उघडलं. हॉस्पिटलमधे हाताचं प्लास्टर कापायला वापरतात तीच करवत आम्ही वापरतो, तिचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं, त्यामुळे कडक वस्तू कापली जाते आणि मऊ वस्तू तिच्याबरोबर हलते. उलटवलेलं असल्यामुळे लॅबमधे आपल्याला आधी खालची बाजू दिसते. फील्डवर पाठीची ढाल वर होती, म्हणजे आता पोटाकडची ढाल समोर येणार.

प्रिपरेटर, म्हणजे दगडातून जीवाश्म मोकळा करणारे, काका कामाला बसले. काकांचं वय आणि अनुभव दोन्ही आमच्यापेक्षा बरेच जास्त, त्यांच्या हातात एअर स्क्राइब असला की खोलीत कोणी उगाच बोलत नाही. एअर स्क्राइब म्हणजे हवेच्या दाबावर चालणारं पेनसारखं हत्यार, त्याची टोकदार सुई भराभर पुढेमागे होते आणि दगडाचे कण उडवते. आवाज मोठा, म्हणून कान झाकलेले, धूळ सिलिकाची म्हणून तोंडाला रेस्पिरेटर आणि बाजूला धूळ ओढणारा पाइप. ही धूळ फुफ्फुसात साठते आणि परत निघत नाही, त्यामुळे 'पाचच मिनिटांचं काम आहे' म्हणून मास्क न लावणाऱ्यांना काका सरळ खोलीबाहेर काढतात. बरोबरच करतात.

१० फेब्रुवारी, लॅब

पोटाच्या ढालीचा डावा निम्मा भाग मोकळा झाला. चुनखडीची एक गाठ हाडाला घट्ट धरून बसलीये. अ‍ॅसिडचा विचार झाला, पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड चुनखडी विरघळवतं आणि हाडातल्या फॉस्फेटला बऱ्यापैकी सोडून देतं, पण आमच्या हाडाच्या भेगांमधेच कॅल्साइट (चुनखडीचंच खनिज) भरलेलं आहे, तेच विरघळलं तर हाड एकत्र धरणार कोण? नको ठरलं. सुई आणि मायक्रोस्कोप, कण कण काढायचा.

१७ फेब्रुवारी, लॅब

आज काकांनी हात थांबवला आणि हाक मारली. ढालीच्या डाव्या कडेला तीन खड्डे आहेत. दोन जवळ जवळ, उथळ, लांबट. तिसरा जरा आत, गोल आणि खोल. अजून तिन्हींमधे मॅट्रिक्स भरलेला आहे.

मगरीने चावलंय का हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी एकदमच आला, या थरात मगरींचे दात मिळतातच. पण असे खड्डे बरेच प्रकार करू शकतात. पहिला संशय आपल्याच हत्यारावर घ्यावा लागतो, एअर स्क्राइबची सुई हाडाला लागली तरी खड्डा पडतो. तसा ताज्या खड्ड्याचा रंग फिकट असतो आणि त्यात मॅट्रिक्स नसतो. आपल्या खड्ड्यांत मूळ दगड भरलेला आहे, म्हणजे ते गाडलं जाण्याच्या आधीचे किंवा त्या वेळचे आहेत. म्हणूनच काकांनी बरोबर वेळी हात थांबवला हे फार मोठं काम झालं, आतला दगड उकरून टाकला असता तर खड्डा जुना आहे याचा सगळ्यात सरळ पुरावा गेला असता आणि पुढे कितीही वाद घातला तरी सिद्ध करता आलं नसतं.

दुसरी शक्यता आजाराची. आजच्या कासवांच्या कवचालासुद्धा जंतूंमुळे आणि परजीवींमुळे खड्डे पडतात. तिसरी दातांची. मगरीच्या दाताला पुढे मागे उभी धार असते, त्यामुळे कधी कधी खड्ड्याच्या तळाशी मधोमध एक बारीक रेघ उमटते, ती मिळाली तर मगर म्हणायला मोठा आधार. आणि दात दाबला गेला तर खालचं हाड आत चेपून तडे जायला हवेत.

ठरलं असं की एका लांबट खड्ड्यातला मॅट्रिक्स काढायचा, दुसऱ्यातला तसाच ठेवायचा.

१८ फेब्रुवारी

चर्चेत एक चांगला मुद्दा निघाला. चावा म्हणजे दोन जबडे. पोटाच्या बाजूला दातांचे खड्डे असतील तर पाठीच्या ढालीवर, साधारण त्याच कडेला, काहीतरी मिळायला हवं. ती बाजू अजून जॅकेटच्या तळाशी गाडलेली आहे. ब्लॉक उलटायच्या आधी सीटी स्कॅन करून बघू, म्हणजे काय दिसायला हवं हे आधी लिहून ठेवता येईल आणि मग बघता येईल. आजच्या तारखेने वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

२४ फेब्रुवारी, लॅब

खड्डा क्रमांक १ रिकामा झाला. मायक्रोस्कोपखाली, पिन वाइसमधे धरलेल्या सुईने, मधे मधे अ‍ॅसिटोनचा थेंब. तळाशी रेघ आहे. सरळ, लांबीच्या दिशेने, तिरपा उजेड टाकला की सावलीत स्पष्ट दिसते आणि वरून उजेड टाकला की नाहीशी होते. तिरप्या उजेडात चारी बाजूंनी फोटो घेतले, आणि सिलिकॉनचा साचा घ्यायचा मोह आवरला, हाड तिथे अजून कच्चं आहे.

२ मार्च

पिशव्यांमधला मॅट्रिक्स चाळायला घेतला. आधी पूर्ण सुकवायचा, मग पाण्यात टाकायचा. सुकलेला मडस्टोन पाणी पितो आणि आपोआप फुटतो, अर्धवट ओला असेल तर तसाच ढेकूळ राहतो. जी ढेकळं ऐकत नाहीत त्यांना सुकवून केरोसीनमधे भिजवायचं, केरोसीन ओतून टाकायचं आणि वर पाणी घालायचं, मग फुटतात. अर्ध्या मिलीमीटरच्या चाळणीवर हळू पाण्याने धुवायचं, दाबायचं नाही. राहिलेला गाळ सुकवून मायक्रोस्कोपखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कण उचलायचा.

हे काम करायला कोणाला आवडत नाही, मला आवडतं. ब्रशच्या टोकाला लागून येतो तो कण तीळभर असतो आणि फिरवला की माशाचा चकचकीत खवला निघतो. आजच्या पहिल्याच ट्रेमधे असे खवले, ऑस्ट्राकोड या पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवांची शिंपल्यासारखी कवचं, आणि कारोफाइट शेवाळाचे बारीक गोल बीजासारखे कण, अंगावर पेचदार धारी असलेले. म्हणजे जवळपास गोडं आणि बऱ्यापैकी संथ पाणी होतं. कासव मोठं, देखणं, पण ते कुठल्या पाण्यात होतं हे या धुळीने सांगितलं. इव्हान येफ्रेमोव्हने १९४० मधे टॅफोनॉमी हे नाव दिलं त्या शास्त्राचा प्रश्न हाच, प्राणी मेल्यापासून दगड होईपर्यंत त्याचं काय काय झालं, आणि त्याची उत्तरं बहुतेक वेळा हाडाच्या आजूबाजूलाच असतात.

५ मार्च

चाळणीवरच्या मुलांनी विचारलं, हे सगळं एवढं जपून कशाला ठेवायचं. त्यांना सनाजेहची गोष्ट सांगितली, ती मला स्वतःला परत परत सांगावीशी वाटते. गुजरातेत धोळी डुंगरीला धनंजय मोहबे यांना १९८४ मधे डायनोसॉरच्या अंड्यांसोबत बारीक हाडं असलेला ब्लॉक मिळाला. ती हाडं पिल्लाची असं तेव्हा वाटलं आणि तसं वाटणं साहजिक होतं. २००१ मधे जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी तो ब्लॉक बघितला तेव्हा त्यांना त्यात सापाचे मणके ओळखू आले. पुढे आणखी साफसफाई आणि अभ्यास होऊन २०१० मधे पेपर आला : साधारण साडेतीन मीटरचा साप, हाच सनाजेह, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घातलेला, शेजारी सॉरोपॉडचं, म्हणजे लांब मानेच्या डायनोसॉरचं पिल्लू, सुमारे ६.७ कोटी वर्षांपूर्वीचं. मोहबे त्या पेपरचे लेखकही आहेत. हाडं एकेक करून सुटी काढून वेगवेगळ्या डब्यांत ठेवली असती तर साप आणि अंडं यांचं नातंच तुटलं असतं. ब्लॉक एकत्र राहिला म्हणून दुसऱ्या डोळ्यांना दुसरं काही दिसू शकलं.

९ मार्च, स्टोअर

संग्रहाची नेहमीची तपासणी. एका जुन्या ड्रॉवरमधे पिवळट पांढरी पावडर आणि गंधकासारखा वास, म्हणजे पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) कुजतंय. दमट हवेत पायराइटचं ऑक्सिडेशन होऊन सल्फ्युरिक अ‍ॅसिड तयार होतं, ते नमुना फोडतं, चिठ्ठी जाळतं आणि शेजारच्या डब्यांपर्यंत पोचतं. नमुना वेगळा काढला, कोरड्या हवेच्या बंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवला. चिठ्ठी अर्धी खाल्लेली होती पण रजिस्टरमधे नोंद शाबूत होती, म्हणून नमुना अजून नमुना आहे.

२० मार्च

सीटी स्कॅन झाला. लोखंडाचं प्रमाण जास्त असलेल्या दगडात चित्रावर पट्टे येतात, हाड आणि मॅट्रिक्स यांची घनता सारखी असली तर सीमा पुसट दिसते, दोन्ही अडचणी आल्या. हॉस्पिटलच्या मशीनवर केलाय, त्यावर अर्ध्या मिलीमीटरपेक्षा बारीक काही नीट दिसणार नाही, रेघ वगैरे बघायची तर मायक्रो-सीटी लागेल आणि हा ब्लॉक त्यात मावत नाही. पण मोठ्या गोष्टींना एवढं पुरतं.

आता सेगमेंटेशन, म्हणजे एकेका स्लाइसवर हाड कुठे आणि दगड कुठे हे रंगवत जायचं. सॉफ्टवेअर मदत करतं, पण पुसट ठिकाणी माणसालाच ठरवावं लागतं, म्हणून दोन जणांनी एकमेकांचं न बघता रंगवायचं आणि नंतर जुळवायचं असं केलंय.

२ एप्रिल

दोघांचं जुळलं. पाठीच्या ढालीच्या डाव्या कडेला, लांबट खड्ड्यांच्या जवळपास समोर, एक चेप आहे आणि त्याच्या खाली हाडाला तडे गेलेत. वहीत १८ फेब्रुवारीला जे लिहिलं होतं तेच. खोलीत आनंदीआनंद झाला.

तिसरा, गोल खोल खड्डा मात्र वेगळाच निघाला. त्याच्याखाली एकही तडा नाही, कडा गुळगुळीत, आणि समोरच्या बाजूला काही नाही. तो दाताचा आहे असं मी म्हणणार नाही. आजाराचा असू शकतो, त्यासाठी तिथल्या हाडाची पातळ चकती कापून बघावी लागेल आणि त्यात थोडं हाड कायमचं जाणार, त्यामुळे तो निर्णय आत्ता घ्यायचा नाही. कोणीतरी म्हणालं की तिन्ही खड्डे एकत्र दाखवले तर चित्र जास्त चांगलं दिसेल. नाही. दोन एका गटात, एक वेगळा, आणि असं का केलं तेही लिहायचं.

चावलं तेव्हा कासव जिवंत होतं की मेलेलं? लांबट खड्ड्यांच्या कडांना हाड नव्याने भरून आल्याची खूण दिसत नाही, म्हणजे चाव्यानंतर ते फार जगलं नसावं किंवा आधीच मेलेलं असावं. यापुढे हे हाड काही सांगत नाही.

६ एप्रिल

पेपरच्या लेखकांच्या यादीवर बोलणं झालं. मी काकांचं नाव लेखकांत घालायचं म्हटलं, त्यावर थोडी कुरकुर झाली की प्रिपरेटरचे आभार मानतात, पद्धत तशी आहे. खड्ड्यातला मॅट्रिक्स न उकरता हात थांबवायचा हा निर्णय शास्त्रीय निर्णय होता आणि तो काकांनी सुई हातात असताना घेतला, आमच्यापैकी कोणी खोलीतही नव्हतं. कॅनडातल्या अल्बर्टात २०११ मधे खाणीत सापडलेला चिलखती डायनोसॉर उचलताना तुटला होता, प्रिपरेटर मार्क मिशेल यांनी तो सुमारे सात हजार तास बसून दगडातून मोकळा केला, आणि २०१७ मधे त्याचं नाव बोरिअलोपेल्टा मार्कमिशेली ठेवलं गेलं. प्रजातीला नाव देता येतं तर लेखकांत एक ओळ देता येते. मान्य झालं. पद्धतींचा भाग काका स्वतः लिहितायत.

१३ एप्रिल

कॅटलॉग क्रमांक घातला. हाडाच्या साध्या, काही खुणा नसलेल्या भागावर पॅरालॉइडचा छोटा पट्टा, सुकल्यावर त्यावर शाईने बारीक अक्षरात क्रमांक, वर परत पॅरालॉइडचा थर. क्रमांक पडला म्हणजे नमुना आता सार्वजनिक संग्रहाचा झाला, कोणीही येऊन तपासू शकतो, आमचं म्हणणं खोडूनही काढू शकतो. खासगी कपाटातल्या नमुन्यावर छापलेल्या कामाला मी यासाठीच मानत नाही. कुठून आला आणि कसा बाहेर गेला हा प्रश्नही त्यातच येतो. उबिराजारा या डायनोसॉरचं वर्णन २०२० मधे आलं आणि मग ब्राझीलमधून तो बाहेर नेला कसा यावरून एवढा वाद झाला की पेपर मागे घेतला गेला आणि २०२३ मधे नमुना ब्राझीलला परत गेला. तिथल्या कायद्याने जीवाश्म १९४२ पासून देशाच्या मालकीचे आहेत.

आमच्या परवान्याची प्रत, फील्डच्या वहीची स्कॅन, स्लाइसेसचा सगळा डेटा आणि १८ फेब्रुवारीचं सह्यांचं पान एकाच क्रमांकाखाली टाकलं.

२१ एप्रिल

मोकळ्या झालेल्या पोटाच्या बाजूसाठी आधाराचं बूड करायला घेतलंय, मधे फोम, बाहेर प्लास्टर, म्हणजे ब्लॉक उलटला की वजन सगळीकडे सारखं बसेल. खड्डा क्रमांक २ मधला मॅट्रिक्स तसाच आहे, त्याच्या शेजारी फोममधे जागा कोरून ठेवली आणि डब्यावर सूचना लावली की हा काढू नये, कारण रजिस्टरमधे बघावं. लांबच्या पिशव्यांचं चाळण अजून बाकी आहे. बूड सुकलं की ब्लॉक उलटायचा आणि पाठीची ढाल सुरू करायची, डाव्या कडेपासून.